बाईंच्या बाजूची सीट

बाई जेवताना एका वेळी एकच पदार्थ खायच्या. ताटात सगळं वाढून घ्यायच्या, पण आधी भाजी, नुसती. ती संपली की पोळी, कोरडी. मग वाटी तोंडाला लावून आमटी, आणि शेवटी पांढरा भात. पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आल्या तेव्हा आईला वाटलं, स्वयंपाकात काहीतरी बिघडलंय.

"बाई, आमटी आवडली नाही का? भातावर घ्या ना," ती म्हणाली.

"सगळं कालवून खाल्लं आणि नंतर पोट दुखलं, तर मी दोषी धरू कोणाला?" बाई म्हणाल्या.

आईनं माझ्याकडे बघितलं, मी ताटाकडे. मला ते अगदी पटलं होतं. पण पटलं असं सांगायला मी वाक्य जुळवेपर्यंत विषय पाण्याच्या टाकीवर गेला होता. माझं नेहमी असंच व्हायचं. मी इंग्रजी शाळेत शिकले. शाळेत मुली माझ्या इंग्रजीला हसायच्या आणि गावाला काका माझ्या मराठीला, त्यामुळे दोन्हीकडे गप्प बसायची सवय लागली. काही बोलायचं तर आधी मनात एकदा बोलून बघायचं, चूक नाही ना ते तपासायचं, मग तोंड उघडायचं. बाईंच्या हे लगेच लक्षात आलं होतं. "तुझा ट्रंक कॉल लागेपर्यंत समोरचा माणूस फोन ठेवून निघून जातो गो," त्या म्हणायच्या.

त्यांना तसं म्हणायचा हक्क होता. सगळी नोकरी त्यांनी टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये काढली होती, निवृत्त झाल्या तेव्हा मुलींच्या पाळीवर सुपरवायझर होत्या. मुलुंड पूर्वेला त्यांचं छोटं घर होतं, खाली त्या एकट्या, वरच्या मजल्यावर आम्ही भाडेकरू. लग्न केलं नव्हतं. का, ते कोणी विचारलं तर म्हणायच्या, "शिफ्ट जमली नाही."

रेडिओवर बातम्या लागल्या की त्या भाजी चिरायच्या थांबत. रस्त्यानं चालताना कोणी हाक मारली तर आधी उभ्या राहत, मग ओ देत. आणि खोलीत दोन माणसं असली तर बाई त्यातल्या एकाशीच बोलत. दुसऱ्यानं थांबायचं. त्यात अपमान काही नाही, लाइन बिझी आहे, एवढंच.

वैशाली यायच्या आधी मला हे अडचणीचं कधी वाटलं नाही. मी संध्याकाळी कॉलेजमधून आले की चहाचा कप घेऊन खाली जायची आणि खोलीत दुसरं कोणी नसायचं. बाई बोलायच्या, मी ऐकायची, मधूनच "हो" किंवा "नाही" म्हणायची. मला वाटायचं, आमच्या गप्पा होतात.

वैशाली माझी चुलत बहीण. चिपळूणची. बारावी झाली आणि काकांनी तिला कॉलेजसाठी आमच्याकडे पाठवली. आली त्याच आठवड्यात ती जिन्यातूनच ओरडली, "मावशी, तुझ्याकडे खवणी आहे का गं?"

तुझ्याकडे. मी इतकी वर्षं त्यांना "बाई" आणि "तुम्ही" म्हणत होते आणि मनातसुद्धा त्याच्यापुढे गेले नव्हते. मला वाटलं, आता बाई हिला सरळ करतील. बाईंनी खवणी आणून दिली आणि म्हणाल्या, "नीट धुवून आण गो मेल्ये."

मला बाई कधी मेल्ये म्हणाल्या नव्हत्या.

त्या संध्याकाळी मी कप घेऊन खाली गेले तेव्हा वैशाली आधीच ओट्यावर चढून बसली होती. ती चिपळूणच्या पुराची गोष्ट सांगत होती आणि बाई तिच्याकडे तोंड करून बसल्या होत्या. लाइन बिझी होती. मी चहा संपवला, कप विसळला आणि वर आले. त्यानंतर कितीतरी संध्याकाळी मी तशीच वर आले.

आवारात, शेवग्याच्या झाडाखाली, ताडपत्री घालून बाईंची गाडी उभी असायची. बुटकी, फुगीर नाकाची, त्या काळी मुंबईत अशा गाडीला सगळे डुक्कर म्हणायचे. बाईंनी ती तरुण वयात दादरच्या एका पारशी म्हाताऱ्याकडून घेतली होती. घेतली तेव्हा वेंगुर्ल्याच्या त्यांच्या थोरल्या बहिणीनं निरोप धाडला होता, "दारात येऊन हॉर्न वाजव, तेव्हा मानीन." पण वेंगुर्ल्याला जायचं ठरलं त्याच वर्षी इंजिन जाम झालं आणि मग नोकरी, पाळ्या, आईचं आजारपण. गाडी ताडपत्रीखाली गेली ती गेलीच. आता थोरली अंथरुणाला खिळली होती आणि डोळ्यांनी तिला जवळजवळ काही दिसत नव्हतं.

"दिसत नाही," बाई म्हणायच्या, "पण कान शाबूत आहेत. म्हणजे काम अजून होण्यासारखं आहे."

म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी इंजिन उतरवलं. गल्लीच्या टोकाला गॅरेज असलेल्या मिस्त्रीनं ते खोललं, नवे पिस्टन बसवले, सगळं पुन्हा जुळवलं. बाई स्टुलावर बसून बघत असायच्या. नटबोल्ट त्यांनी स्वतः रॉकेलमध्ये धुतले, एका वाटीत एकच. त्या कामाला वैशाली आणि मी दोघी असायचो. वैशालीच्या हाताला बोल्ट कमी आणि गाणी जास्त लागायची. मी तिच्या दुप्पट धुवायची. बाई तिला म्हणायच्या, "हात चालव गो." मला काही म्हणायच्या नाहीत, कारण माझे चालतच असायचे. चांगलं काम करणाऱ्याशी बोलावंच लागत नाही, हे मला तेव्हा कळलं आणि अजिबात आवडलं नाही.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा वैशालीनं "झकास!" म्हणून अशी आरोळी ठोकली की समोरच्या काकू गॅलरीत आल्या. बाई शांतपणे खाली उतरल्या, बॉनेट उघडून आवाज ऐकला, आणि तिथेच जाहीर केलं. मे महिन्यात वेंगुर्लं. मागच्या सीटवर पाण्याचे डबे, जास्तीचे पाइप, पाने, दोऱ्या. "बाजूला एकच. दोघींतली एक. कोण ते मी बघीन."

त्या क्षणापासून मला ती सीट हवी होती. आयुष्यात मला इतकी उघड हवीशी वाटलेली ती पहिलीच गोष्ट. तिचं रेक्झीन फाटलेलं होतं आणि आतून काथ्या दिसायचा. पण एकदा ती सीट मिळाली की मुलुंड ते वेंगुर्लं खोलीत दुसरं कोणी नसणार होतं.

सुरुवातीला रेडिएटरखाली थेंब थेंब पाणी गळायचं. सकाळी फरशीवर बशीएवढं ओलं दिसायचं. बाईंनी पाइपवरची क्लिप बदलली आणि चार दिवसांत गळती थांबली. त्या क्लिपचं त्यांना फार कौतुक वाटलं. "बघा," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "एवढीशी क्लिप, पण दोष तिचाच होता."

आणि मग गाडी तापायला लागली.

दर रविवारी सकाळी बाई ती चालवून बघायच्या. घरापासून रेल्वेचं फाटक ओलांडून हमरस्त्याला, तिथून जकातीच्या चेकनाक्यावरून ठाण्यापर्यंत आणि परत. पहिल्या एकदोन रविवारी ठीक होतं. नंतर काटा वर सरकायला लागला. हा तापमानाचा काटा बाईंनी चोरबाजारातून आणून डॅशबोर्डवर बसवला होता. पुढच्या रविवारी चेकनाक्याच्या गर्दीत बॉनेटमधून वाफ आली. त्याच्या पुढच्या रविवारी चेकनाका यायच्या आतच.

या फेऱ्यांना बाजूला बहुतेक वेळा वैशाली असायची. कारण सोपं होतं. गाडी बंद पडली की ती टुणकन उडी मारून रांगेतल्या ट्रकवाल्यांकडून पाणी आणायची, वर पानवाल्याला गाडी ढकलायला लावायची. तिला केस धुवायचे असले की माझी पाळी. माझ्या फेरीत वाफ आली तेव्हा मी डबा घेऊन ट्रकच्या दाराशी उभी राहिले आणि "एक्स्क्यूज मी" म्हणाले. ट्रकवाल्यानं ऐकलंच नाही. शेवटी बाईंनीच जाऊन पाणी आणलं.

मिस्त्रीचं म्हणणं होतं, काही झालेलं नाही. "इंजिन नवीन बनवलंय बाई, टाइट आहे. चालवा, चालवा, मोकळं होईल."

"आधी कमी तापत होतं, आता जास्त तापतंय. हे मोकळं होणं झालं का?" बाई म्हणाल्या.

"मग एक काम करू. बेल्ट, थर्मोस्टॅट, टायमिंग, सगळं एका फटक्यात बदलून टाकू. टेन्शनच नको."

बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पाना ठेवून चहा प्यायला गेला. मग त्यांनी आम्हाला, म्हणजे वैशालीला, एक्स्चेंजमधली गोष्ट सांगितली. एकदा एका बोर्डावर लाइनीत खरखर यायची. नवा आलेला इंजिनिअर फार हुशार. त्यानं दोन जोड एकदम बदलले. खरखर गेली, सगळ्यांनी पेढे खाल्ले. आठवड्यानं खरखर परत आली आणि तेव्हा कोणालाच सांगता येईना की आधी ती कशामुळे गेली होती. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची," बाई म्हणाल्या. "दोन बदलल्या की बरं वाटेल, पण कळणार काही नाही."

म्हणून दर रविवारी एकच बदल. एका रविवारी पंख्याचा पट्टा. काटा चढला. पुढच्या रविवारी ठिणगी पडायची वेळ थोडी मागेपुढे करून बघितली. काटा चढला. मग खालचा रबरी पाइप, आतून चिकटतोय का म्हणून. मिस्त्री म्हणाला हेडखालचं गॅस्केट उलटं बसलं असेल. बाईंनी ते खोलून बघायला लावलं. सुलटं होतं. एप्रिल संपत आला. वेंगुर्ल्याहून पत्र आलं की थोरली आता फार बोलत नाही, पण दुपारी दारात गाडीचा आवाज झाला की विचारते, कोण आलं?

थर्मोस्टॅटची संध्याकाळ मला स्वच्छ आठवते, कारण ती माझी होती. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातलं एक पितळी झाकण. पाणी ठरावीक गरम झालं की ते आपोआप उघडतं आणि पाणी रेडिएटरकडे सोडतं. उघडलंच नाही तर इंजिन तापणारच. बाईंनी ते काढून दोऱ्याला बांधलं, पातेल्यातल्या पाण्यात सोडलं आणि पातेलं गॅसवर ठेवलं. मी कॉलेजच्या लॅबमधून थर्मामीटर मागून आणला होता. वैशाली मैत्रिणीकडे गेली होती. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच, डोकी जवळ घेऊन, पातेल्यात बघत. बाई बोलत नव्हत्या, कारण बघणं हे एक काम होतं. मी आकडे म्हणत होते. साठ. पासष्ट. सत्तर. वरून आईचा आवाज आला, "अगं, डब्यातली हळद कोणी संपवली? आत्ता तर भरला होता!" आम्ही दोघींनीही उत्तर दिलं नाही. आणि मग ते झाकण हळूच, कोणी आतून ढकलल्यासारखं, वर उचललं गेलं.

बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तोंड उघडलं. मला वाटलं, आता लाइन माझी.

दार धाडकन उघडलं. "मावशी! काय उकडतेस? बटाटे?"

"तुझं डोकं उकडतेय," बाई म्हणाल्या आणि हसत तिच्याकडे वळल्या. मी गॅस बंद केला. थर्मामीटर पुसला. त्या रात्री मी वैशालीच्या बाजूला झोपले आणि तिच्या वेणीकडे बघत विचार केला की माणसाला इतकं सोपं असणं कोण शिकवतं?

उरला रेडिएटर. तो बाईंनी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण इंजिनाबरोबर तो साफ करूनच आणला होता आणि क्लिपनंतर तो एकदाही गळला नव्हता. "त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही," त्या म्हणायच्या. पण आता तक्रार करायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून तो रेडिएटरमध्ये ओतायचा, इंजिन थोडा वेळ चालवायचं आणि खालची तोटी उघडून सगळं सोडून द्यायचं, असं मिस्त्रीनं सांगितलं. आत गाळ असेल तर निघेल. आम्ही सगळे आवारात उभे होतो. बाईंनी तोटी उघडली.

लाल पाणी आलं. विटकरी नाही, तपकिरी नाही. लाल. शहाबादी फरशीवरून ते तुळशीकडे वाहत गेलं.

समोरच्या काकू गॅलरीतून वाकल्या. "अगं बाई, कोंबडं कापलंत की काय?"

"गंज आहे," मिस्त्री म्हणाला. "इतकी वर्षं उभी होती ना गाडी."

बाईंनी बोट बुडवून वास घेतला. "गंज असा दिसत नाही."

मला माझा शाळेचा पांढरा युनिफॉर्म दिसला. डबा सांडून पडलेला आमटीचा पिवळा डाग, आणि आईनं त्यावर साबणाची वडी घासली की तिथल्या तिथे लाल होणारा. हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. फक्त ते मोरीत ठाऊक होतं, गाडीखाली नाही.

"हळद," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मिस्त्री हसला. "हळद? गाडीचं लग्न लावलं काय?"

"सोडा लागला की लाल होते," मी म्हटलं. "हळदच आहे." आणि तेव्हा मला आईचा रिकामा डबा आठवला. मी वैशालीकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.

"अय्या, वाट लागली," वैशाली म्हणाली. "मावशी, ती मी घातली."

"कोणी घातल्यान?" बाई चिडल्या की त्यांची मालवणी वर यायची.

"मीच गं. ते थेंब थेंब गळत होतं ना? माझा मामा ट्रक चालवतो. तो म्हणतो, रेडिएटर गळला की मूठभर हळद टाकायची, भोक बुजतं. तू एवढी काळजीत होतीस, म्हणून टाकली. आणि थांबलं की! मग म्हटलं, थांबलंय तर टिकायला पण पाहिजे. म्हणून मधूनमधून आणखी टाकत होते."

भोक बुजलं होतं आणि भोकाबरोबर आतल्या बारीक नळ्याही. दर आठवड्याला थोड्या जास्त. आम्ही इकडे एका वेळी एकच गोष्ट बदलत होतो आणि वैशाली तिकडे प्रत्येक वेळी दुसरी बदलत होती.

मला वाटलं, आता. आता बाई तिला बोलतील. असं बोलतील की मागच्या सगळ्या संध्याकाळी भरून निघतील. आणि मला त्याचं दुःख होणार नव्हतं.

"म्हणजे गळती हळदीनं थांबली," बाई सावकाश म्हणाल्या. "क्लिपनं नाही."

"क्लिपनं काय होतंय मावशी."

बाई स्टुलावर बसल्या. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. "आणि मी मेली त्या क्लिपला मान देत होते! गावभर सांगितलं मी!" त्यांनी पदरानं डोळे पुसले. "मेल्ये, मला सांगून घातली असतीस तर?"

"सांगितलं असतं तर घालू दिली असतीस?"

"नाही."

"मग?"

आणि दोघी पुन्हा हसायला लागल्या. मिस्त्रीही हसला. मी फरशीवर पाणी ओतून खराट्यानं ते लाल पुढे ढकलत राहिले. घरात जाताना बाई माझ्याजवळ थांबल्या. "आज लाइन लगेच लागली तुझी," म्हणाल्या आणि आत गेल्या. ते वाक्य मी आठवडाभर पुरवलं.

रेडिएटर उतरवून त्याच्या नळ्या एक एक करून साफ करून आणल्या, गळकी जागा झाळून घेतली. पुढच्या रविवारी गाडी ठाण्यापलीकडे जाऊन आली आणि काटा मध्यावर बसून राहिला. त्याच संध्याकाळी बाईंनी सीट जाहीर केली.

"चिपळूणपर्यंत ही," माझ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. "पुढे वैशाली."

"ही का?" वैशाली म्हणाली, रागानं नाही, नुसतं विचारायचं म्हणून.

"वाटेत कशेडीचा घाट आहे. गाडी चालवताना मी एकच काम करते. घाटात बाजूला बोलणारी नको."

म्हणजे हळद ओळखली म्हणून नाही, बोल्ट दुप्पट धुतले म्हणून नाही. मी गप्प असते म्हणून. वैशाली आधी एस.टी.नं घरी जाणार, मी गाडीतून चिपळूणला उतरून काकांकडे राहणार आणि वैशाली माझ्या जागी बसून वेंगुर्ल्याला जाणार. मला घाट मिळाला, तिला हॉर्न.

आम्ही पहाटे निघालो. पनवेल, पेण, महाड. बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ. मला काम दिलं होतं, काट्यावर नजर ठेवायची आणि तांबड्या रेघेजवळ गेला तर सांगायचं. मी महाडपर्यंत सुखात होते. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

पोलादपूर सोडलं आणि चढ सुरू झाला. पुढे लाकडं भरलेला ट्रक, दुसऱ्या गिअरमध्ये, उन्हात. काटा हलला. मी बघत राहिले. मनात वाक्य जुळवायला लागले आणि तो रेघेला टेकला.

"बाई, काटा."

त्यांनी वळणावरची सपाट जागा बघून गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. दोष काही नव्हता. मे महिना, चढ आणि म्हातारी गाडी, इतकंच. निवेपर्यंत थांबायचं. बाईंनी दगडावर बसून डबा उघडला आणि आधी भाजी खायला सुरुवात केली.

"ती असती तर," त्या भाजी संपवून म्हणाल्या, "आत्तापर्यंत चार ट्रक थांबले असते आणि चहा आला असता."

इंजिन किती निवलं ते बघायला मी उठून बॉनेटजवळ गेले.

"तुझ्याबरोबर मात्र इंजिन आपल्या वेळेनं निवतं," त्या म्हणाल्या आणि पोळी घेतली.

मला अजून कळत नाही ते कुठून आलं. मी म्हटलं, "बाई, तुम्ही नेहमी वैशालीशीच का बोलायचात?"

त्यांनी विचार केला. "तिच्याशी नाही बोललं, तर तिला वाटतं आपण खोलीत नाहीच. तुझं तसं नाही. तू आपली स्वस्थ असतेस."

"माझंही तसंच होतं," मी म्हटलं. ते मी आधी मनात म्हणून बघितलं नव्हतं.

बाईंचा पोळीचा हात थांबला. खालच्या वळणावर एक ट्रक हॉर्न देत होता. "मग रिंग द्यायची ना गो," त्या अगदी हळू म्हणाल्या. "वाजल्याशिवाय मला कसं कळायचं?"

काटा खाली आला. आम्ही गाडीत बसलो, उरलेला चढ चढलो आणि माथ्यावर बाईंनी पुन्हा गाडी थांबवली. इंजिन चालू होतं. पुढे सगळा उतार.

"माका भिती वाटता उतरणीची," त्या समोर बघत म्हणाल्या. "चढाचं काही नाही. एकच काम करते वगैरे सगळं खरं, पण गाडीत मी कोणाला बोलू देत नाही ती याच्यामुळे. आवाज आला की हात सुटतील असं वाटतं. आज उलट वाटतंय." त्यांनी गिअर टाकला. "बोल काय तरी."

आणि मी बोलले. घाट उतरून खेड येईपर्यंत बोलले. शाळेतल्या मुलींबद्दल, लॅबमध्ये माझ्या हातून फुटलेल्या काचेच्या नळीबद्दल, आईच्या हळदीच्या डब्याबद्दल, मध्येच इंग्रजी, मध्येच मराठी, जे तोंडात येईल ते. वैशालीबद्दलही बोलले. तिचं "मावशी" आणि "तू" मला कुठे टोचतं ते सांगितलं. बाईंनी एकदाही मान वळवली नाही. प्रत्येक वळणाला फक्त "हं" म्हणायच्या, म्हणजे लाइन चालू आहे असं.

चिपळूणला काकांच्या दारात वैशाली तेल लावून, वेणी घालून उभीच होती. मी उतरले आणि सीट गरम असतानाच ती तिच्यावर जाऊन बसली. "मावशी, हॉर्न मी वाजवणार हं!"

"वाजव गो मेल्ये," बाई म्हणाल्या. मग खिडकीतून माझ्याकडे बघितलं आणि भुवई थोडी वर केली. गाडी निघून गेली.

बाई वेंगुर्ल्यालाच राहिल्या. थोरली त्याच पावसाळ्यात गेली, बाई गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. वैशालीचं लग्न झालं, ती बोरिवलीला असते, घरी फोन आहे. हॉर्नची गोष्ट ती सगळ्यांना सांगते. दारात गाडी उभी राहिली, हिनं हॉर्न दाबला तो दाबूनच धरला आणि आतून थोरलीचा आवाज आला, "इली मगे शेवटाक!" प्रत्येक वेळी तो हॉर्न थोडा जास्त वेळ वाजतो. लग्नात सांगितली, बारशाला सांगितली, बाईंच्या दिवसांनाही सांगितली आणि सगळे रडता रडता हसले. मी दर वेळी ऐकते. मला तो हॉर्न अजून हवा आहे.

कधीतरी ती मला विचारते, "घाटात काय बोललात गं तुम्ही दोघी?"

मी म्हणते, "काही नाही. बाई गाडी चालवताना बोलायच्या नाहीत."

आता हे लिहिलं म्हणजे ती वाचणार. वाचलं की लगेच फोन करणार, तिला धीर कुठला. रिंग वाजेल. मी ती थोडा वेळ वाजू देणार आहे.